प्लॅन २०० चा, आतल्या खोलीत येतात १५: वाय-फाय नेमकं कुठं अडतं?

राऊटरशेजारी उभं राहिलं की फोन १७० दाखवतो. माजघरात साठ. आतल्या खोलीत, जिथं नेमकं कुणीतरी लॅपटॉप घेऊन मीटिंगला बसलेलं असतं, तिथं पंधरा. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पैसे वेळेवर भरलेले. मग इंटरनेटवाल्याला फोन जातो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "दादा, आमच्याकडनं लाइन ओके हाय. राऊटर एकदा बंद करून चालू करा." तसं केलं की एक-दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी म्हणतं, "३०० चा प्लॅन घे की," आणि वरच्या प्लॅनचे पैसे सुरू होतात. आतल्या खोलीत मात्र पंधराच.

कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या घरांपासून नागाळा पार्कातल्या फ्लॅटपर्यंत हे गाऱ्हाणं सारखंच ऐकू येतं, कारणं मात्र घरागणिक वेगळी निघतात. 'आमच्याकडनं ओके' म्हणणारा बऱ्याचदा खरंच बोलत असतो आणि तुमचंही खोटं नसतं. प्लॅनमधला आकडा भिंतीवरच्या फायबरच्या डब्यापर्यंतचा असतो (कित्येक घरांत हा डबाच राऊटरचंही काम करतो). तिथून फोनपर्यंतचा प्रवास हवेतून होतो आणि त्याची जबाबदारी प्लॅन घेत नाही. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहराजवळच्या पुईखडीपर्यंत आलं, म्हणून तुमच्या घरातल्या गंजलेल्या अर्धा इंची नळाला जोर येत नाही, तसंच हे. त्यामुळं प्लॅन वाढवण्याआधी किंवा नवा राऊटर आणण्याआधी एवढंच शोधायचं: वेग वायरीत मरतोय की हवेत?

त्याआधी आकड्यांचा एक घोळ मिटवून टाकू. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये बोलते (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट), फाइल उतरताना संगणक बहुधा मेगाबाइटमध्ये बोलतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे २०० च्या लाइनवर फाइल सेकंदाला साधारण २५ मेगाबाइटनं उतरत असेल तर तुम्हाला पुरते पैसे मिळतायत, पुढं वाचायची गरज नाही.

आधी वायर लावून बघा

लॅपटॉप आणि एक लॅन केबल घ्या. केबलचं एक टोक राऊटरच्या लॅन पोर्टात, दुसरं लॅपटॉपला. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना तो पोर्ट नसतो, त्यासाठी यूएसबीचं अडॅप्टर मिळतं. घेताना गिगाबिटचंच (म्हणजे १००० एमबीपीएसचं) घ्या. मग लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे राहिलं तर आपण वायर मोजतोय की हवा, हेच कळत नाही. घरातले टीव्ही, फोन थोडा वेळ बाजूला ठेवा आणि टेस्ट लावा: एकदा दुपारी, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास.

टेस्ट दोन ठिकाणी करा. स्पीडटेस्ट ही साइट जवळचा सर्व्हर निवडते आणि तो कधीकधी तुमच्याच कंपनीचा असतो, त्यामुळं आकडा छान येतो. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. पहिलीकडं १९५ आणि दुसरीकडं ४० असं वारंवार येत असेल, तर तुमच्या घरात दोष नाही. कंपनीची शहराबाहेर जाणारी वाट अरुंद आहे.

वायरीवर दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा १८०-२०० आले, तर फायबर, डबा, कंपनी सगळे निर्दोष. दोष हवेत आहे, तो भाग पुढं येतो.

केबल हाताशी नसेल तर एक गावठी पण पक्की युक्ती. लॅपटॉप आतल्या खोलीत नेऊन वाय-फायला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राऊटरच्या पत्त्याला पिंग (हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा. हा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवर सापडतो. उत्तरं दोन-पाच मिलिसेकंदांत निवांत येत राहिली तर हवा ठीक आहे. ५, ९०, २४०, मध्येच 'टाइम्ड आउट' असा नाच सुरू असेल तर फोन कुणालाच करू नका. लॅपटॉप आणि राऊटर या दोघांतच भांडण आहे. राऊटरची उत्तरं शांत, पण ८.८.८.८ ची (हा गूगलचा सर्व्हर) उड्या मारतायत, असं असेल तेव्हा इंटरनेटवाल्याला बोलवा.

वायरीवर अडकून ९४ च येतात तेव्हा

हा प्रकार इतक्या घरांत सापडतो की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी. प्लॅन २०० चा असो की ५०० चा, वायर लावली तरी आकडा ९३-९५ च्या वर हलत नाही, आणि दिवसभर तोच. एवढा स्थिर आकडा दिसला की समजायचं, मध्ये कुठंतरी १०० चा दरवाजा आहे. लॅनचा जोड १०० वर लागला की आतला किरकोळ खर्च वजा जाऊन हातात ९४-९५ च पडतात.

हा दरवाजा बहुधा तीन जागी असतो. पहिली जागा म्हणजे केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० साठी चारच पुरतात, गिगाबिटला मात्र आठही लागतात. क्रिंपिंग करताना (टोकाला क्लिप बसवताना) एखादी तार नीट बसली नाही, उंदरानं कुरतडली किंवा वायर बसवणाऱ्या पोरानं चारच तारा लावून काम उरकलं, तरी इंटरनेट चालू राहतं, फक्त गुपचूप १०० वर उतरतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' म्हणून ओळ असते, तिथं १००/१०० दिसलं तर केबल बदलून बघा. स्वस्तातल्या काही केबलींत तांब्याचा फक्त मुलामा असतो आणि आत ॲल्युमिनियम. टोकाला तार खरवडून आत चंदेरी दिसली तर ती दुकानदाराला परत द्या.

दुसरी जागा फायबरच्या डब्याचे पोर्ट. अनेक डब्यांत पहिलाच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. दिसायला सगळे सारखे. तुमचा वेगळा राऊटर असेल आणि त्याची वायर चुकीच्या पोर्टात बसली असेल, तर ती शेजारच्या भोकात लावणं एवढाच उपाय, खर्च शून्य. तिसरी जागा राऊटर स्वतः. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० लिहिलेलं असतं, पण मागचे पोर्ट १०० चेच असतात आणि ते ३०० म्हणजे हवेतला कागदावरचा आकडा. असला राऊटर २०० च्या लाइनला लावून उपयोग नाही. या एका बाबतीत मात्र नवा घ्यावाच लागतो.

वायरीवरच कमी आलं तर

दुपारी १९० आणि रात्री ३५ असेल तर गल्लीतली गर्दी. घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवर साधारण २.५ गिगाबिट येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळे एकदम कधी वापरत नाहीत या हिशेबावरच ते चालतं. क्रिकेटच्या रात्री तो हिशेब कोलमडतो. यावर घरात बसून इलाज नाही. वेळ लिहिलेले स्क्रीनशॉट साठवा, तक्रारीला लागतील.

महिनाअखेरीस अचानक हळू झालं आणि पुढच्या बिलापासून परत सुसाट, असं असेल तर डेटाची मर्यादा संपलेली असते. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या कित्येक प्लॅनना ३३०० जीबीची कमाल असते, लहान कंपन्यांच्या प्लॅनना त्याहून कमीही. ॲपमध्ये वापर बघून घ्या.

आणि सगळ्या वेळी कमी, मधूनच तुटतं, असं असेल तर प्रकाशाची ताकद मोजायला सांगा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' दिसते. उणे १५, उणे २० ठीक. उणे २७ च्या पलीकडं गेलं की डबा चाचपडायला लागतो. फायबरची पिवळी पातळ पॅच कॉर्ड कपाटामागं काटकोनात दाबली गेली तरी प्रकाश गळतो. 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरच तुटलीय, तेव्हा वाय-फायच्या नादाला लागू नका.

हवेतला दोष: पेठेतलं घर

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या जुन्या घरांची रचना डोळ्यांसमोर आणा. पुढं सोपा (रस्त्याकडची पहिली खोली), मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परसदार. खोल्या एकामागं एक, आणि मधल्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फूट जाड. फायबर येते रस्त्यावरच्या खांबावरून, म्हणून डबा बसतो सोप्यात, लाइटच्या मीटरशेजारी, कोपऱ्यात. बसवणाऱ्याला तेच सोयीचं, कारण तेवढी वायर वाचते. त्या कोपऱ्यातून परसदारच्या खोलीपर्यंत लहरीला असल्या तीन भिंती पार करायच्या असतात.

राऊटर दोन पट्ट्यांत बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी शिरते, पण तिची झोळी लहान. साधा फोन तिथं ७२ एमबीपीएसवर जोडला जातो आणि हातात चाळीसेक येतात, गर्दी असेल तर दहा-पंधरा. ५ गिगाहर्ट्झवर तोच फोन सहज दोन-तीनशे खेचतो, पण दुसऱ्या जाड भिंतीपाशी ती लहर दम तोडते. मग फोन गुपचूप २.४ वर उतरतो आणि तुम्ही म्हणता, इंटरनेट हळू झालं. सोप्यात १७० आणि आत १५, हे गणित असं जुळतं.

आधी बघा की ५ गिगाहर्ट्झ आहे का तरी. कंपनीनं फुकट दिलेले कित्येक डबे फक्त २.४ चे असतात. २०० चा प्लॅन विकायचा आणि डबा असला द्यायचा, हा माझ्या मते सरळसरळ लबाडीचा भाग आहे, आणि प्लॅन घेतानाच 'ड्युअल बँड (दोन्ही पट्ट्यांचा) देणार का' हे विचारून घ्यायला हवं. डबा बदलून देत नसतील तर स्वतःचा ड्युअल बँड राऊटर त्याच्या गिगाबिट पोर्टाला जोडा आणि डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद करून टाका. दोन्ही चालू ठेवले तर फोन नेमका वाईटाला चिकटून बसतो.

मग जागा. राऊटर सोप्याच्या कोपऱ्यातून उचलून माजघरात आणला की निम्मं काम होतं. डबा तिथंच राहू दे, त्याच्यापासून माजघरापर्यंत एक लॅन केबल तुळईच्या कडेनं ओढा. जुन्या घरांत दारं बऱ्याचदा एका रेषेत असतात. राऊटर त्या रेषेत, माणसाच्या उंचीच्या वर ठेवला तर लहरीला भिंत फोडावी लागत नाही, दारातून जाता येतं. टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटावर, मोठ्या आरशाजवळ, फिश टँकशेजारी ठेवू नका. शोभेसाठी काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेले राऊटर तर किती दिसतात! गरम होतात ते वेगळंच.

जागा बदलल्यावर फरक पडला का, हे अंदाजानं ठरवू नका. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर नावानं मिळणारं कुठलंही ॲप सिग्नलचा आकडा देतं, तो उणे असतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेला की रडगाणं सुरू.

वरच्या मजल्याचं दुखणं वेगळं. आरसीसी स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी लहर अडवते आणि राऊटरच्या उभ्या दांड्यांची लहर आडवी जास्त पसरते, वर कमी जाते. लोक एक्स्टेंडर आणतात आणि नेमका त्याच खोलीत लावतात जिथं सिग्नल मेलेला आहे. तिथं तो मेलेलंच वाढवून देणार. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिन्यापाशी लावा. आणि एकाच पट्टीवर ऐकणारा-बोलणारा साधा एक्स्टेंडर वेग निम्मा करतो हे धरून चाला. माझा कौल विचाराल तर जिन्यातून कॅट ६ केबल वर न्या आणि तिथं दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे नुसतं वाय-फाय पसरवण्यापुरता) लावा. ड्रिलचा अर्ध्या दिवसाचा त्रास आहे, पण पुढची कित्येक वर्षं प्रश्न मिटतो. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर मेश (एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या राऊटरांचा संच) घ्या, तो दुसरा चांगला पर्याय.

हवेतला दोष: फ्लॅट

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी, रुईकर कॉलनी इथल्या इमारतींत भिंती पातळ, त्यामुळं सिग्नल चांगला असतो. उणे ४५, तरीही वेग नाही. तिथं शेजाऱ्यांचा गोंगाट तपासा. त्याच ॲनालायझरमध्ये २.४ ची पट्टी उघडली की वीस-पंचवीस नावं एकमेकांच्या उरावर बसलेली दिसतात. आपल्याकडं या पट्टीत १ ते १३ चॅनल असतात, पण एकमेकांना न घासणारी तीनच: १, ६ आणि ११. यातलं कमी गर्दीचं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राऊटर ४० वर लावला तर वेग वाढेल असं वाटतं, गर्दीच्या इमारतीत उलटंच होतं. ३ किंवा ९ निवडून 'मधलं रिकामं सापडलं' म्हणणाऱ्याला दोन्हीकडचे शेजारी त्रास देतात.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. तिथं ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी घ्या, रुंदी ८०. मधली ५२ ते १४४ ही चॅनल रडारही वापरतं: राऊटरला रडारचा संशय आला तरी चॅनल सोडून द्यावं लागतं, आणि तेवढ्यात वाय-फाय मिनिटभर गायब होतं. काही टीव्हींना ही चॅनल दिसतच नाहीत.

एक बारीक खोट मात्र कुणी तपासत नाही. राऊटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जुनी टीकेआयपी पद्धत निवडलेली असेल, तर नवा राऊटरसुद्धा ५४ एमबीपीएसच्या वर जोडत नाही. जोडणीचा आकडा ५४ वर अडकलेला दिसला की डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा, झालं.

एकाच लॅपटॉपला त्रास असेल तर त्याच्याकडं बघा: चालू राहिलेला ऑफिसचा व्हीपीएन, किंवा वाय-फाय कार्डच फक्त २.४ चं. शेजारी लावलेली यूएसबी ३.० ची हार्ड डिस्कसुद्धा २.४ च्या पट्टीत गोंगाट करते. मायक्रोवेव्ह चालू असेपर्यंतच बिघडत असेल तर कारण समोरच आहे, तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो.

डाउनलोड चांगलं, तरी कॉल अडकतो

याचं मूळ बहुतेकदा अपलोडमध्ये असतं. दुकानाचे-घराचे कॅमेरे रात्रंदिवस क्लाउडवर चढवत असतात, त्यात लग्नाहून परत आलेल्या प्रत्येकाचा फोन फोटोंचा बॅकअप सुरू करतो. अपलोडची वाट तुंबली की 'मिळालं' अशा पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि डाउनलोड पण लंगडतं. बॅकअप रात्री दोननंतर ठेवा, कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन उतरवा किंवा रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घ्या. राऊटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची कमाल प्लॅनच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा.

जाता जाता जोडलेल्या उपकरणांची यादीही बघा. पासवर्ड स्वतःचा मोबाइल नंबर असेल तर अख्खी गल्ली पाहुणी असते.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.१ लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं पान उघडायला लागणारा पहिला क्षण कमी होऊ शकतो, फाइल उतरण्याचा वेग वाढत नाही. आणि नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, तेव्हा चार माणसांच्या घरात १०० चा प्लॅन नीट पोचवला तर ३०० ची गरज क्वचितच पडते.

कंपनीकडं तक्रार करायची वेळ आलीच तर 'नेट स्लो हाय' असं सांगू नका, त्यावर बंद-चालूचंच उत्तर येतं. सांगा की वायर लावून, वाय-फाय बंद करून, रात्री साडेनऊला एवढे आले आणि आरएक्स पॉवर एवढी आहे. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्याच. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

नीट केलेलं पुन्हा का बिघडतं

पावसाळ्यात लाइट दिवसातून कैकदा जाते-येते. दर वेळी राऊटर नव्यानं उठतो. चॅनल 'ऑटो'वर असेल तर त्या क्षणी बरं वाटेल ते निवडतो आणि मग त्यालाच धरून बसतो. बंद-चालू केल्यावर बरं वाटतं आणि पुढं बिघडतं, ते यामुळंच: सकाळी रिकामं असलेलं चॅनल रात्री भरलेलं असतं. २.४ ची पट्टी आधी जागी होते, म्हणून फोन-टीव्ही तिथं जाऊन बसतात आणि ५ आली तरी काही जण हलत नाहीत. चॅनल हातानं पक्कं करा. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, आणि टीव्ही-लॅपटॉपमधून २.४ चं नाव विसरायला लावा.

त्याशिवाय राऊटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी राऊटर आणि डबा, दोन्हींच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा: बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ व्होल्टचेही निघतात, अँपिअर एकाचा ०.५, तर दुसऱ्याचा दीड. दोन्ही एकाच यूपीएसवर चालवायचे असतील तर अँपिअरची बेरीज त्याला झेपणारी हवी, आणि ९ चा डबा १२ च्या पिनेला लावायचा नाही.